बोंबलांच्या वलांडीवर कनात

“आयता मांडव मिळाला म्हणालास, तेव्हाच मला शंका आली होती,” झुंबर म्हणाली.

“उभे बांबू, आडवे बांबू, सगळं बांधून तयार. मांडव न्हाई तर काय म्हणायचं त्याला?” बन्सी म्हणाला. “आपल्या जामखेडात कोण मासे वाळत घालतंय, आक्का?”

दांडीच्या किनाऱ्यावर त्या बांबूंना वलांडी म्हणतात आणि त्यांवर बोंबील वाळवतात. होड्या समुद्रात गेल्यामुळे वलांड्या रिकाम्या होत्या, आणि झुंबरच्या या धाकट्या भावाने त्यांवर तमाशाच्या फडाची कनात ताणली. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघाल्यापासून नगर-साताऱ्याकडचे कामगार इथे आले होते. त्यांच्यामागून फडही आला. झुंबरच्या घरची रीत अशी, की मुलीने नाचायचं, मुलाने ढोलकी धरायची, आणि मुक्काम कुठे, बैठक कुणाकडे, हेही मुलानेच ठरवायचं. पस्तिशी उलटली तरी झुंबरला यातलं काही कुणी विचारलं नव्हतं.

आज होड्या लागल्या. पाटीभर बोंबील घेऊन जमना कोळीण कनातीच्या दारात उभी होती, कनात उतरवा म्हणत.

“फड मोडलाच आता,” बन्सी म्हणाला. “बांधकामाचा ठेकेदार त्याच्या बंगल्यावर बैठक मागतोय. मी हो म्हणून आलोय.”

चाळातले घुंगरू पुसणारा झुंबरचा हात थांबला.

“बंगल्यावर मी जात न्हाई. फडात शंभर डोळे असतात, कुणाचा हात पुढं येत न्हाई. बंगल्याला दार असतंय.”

“बन्सीनं शब्द दिलाय गं,” आई, राहीबाई, कोपऱ्यातून म्हणाली.

“मग त्यानंच नाचावं.”

राहीबाईने बन्सीच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

“भांडा तुमी सावकाश,” जमना म्हणाली. “माझं बोंबील तवर नासून जातील.”

झुंबर बाहेर आली. “मावशी, मधल्या रांगांवर घाला बोंबील. आम्ही त्यांच्यामधल्या जागेत नाचतो. कनात तेवढी बाहेरच्या रांगेवर राहू द्या.”

“मंग आमाला काय?”

“गावातल्या बायांनी म्होरं बसून बघायचं. फुकट.”

जमनाने पाटी खाली ठेवली. फड आल्यापासून गावच्या बाया कनातीबाहेरून नुसते घुंगरू ऐकत होत्या, आणि घरी आलेल्या नवऱ्यांना विचारलं तर ते म्हणत, काही विशेष नाय.

“आमच्या आळीतल्या समद्या येतील,” ती म्हणाली. “म्हातारी सासू पन.”

“आक्का, बाया म्होरं बसल्या तर शिट्टी कोण मारंल?” बन्सी कळवळला.

“म्हणून तर बसवतेय.”

“आन वास?”

“दिवसभर सिमेंट खाणाऱ्यांना बोंबलाचं काय?”

ती आत येऊन बसली आणि चाळ मांडीवर घेतले.

“बंगल्यावर बैठक होणार न्हाई. बन्सी जाऊन ठेकेदाराला सांगंल. इथनं पुढं मुक्काम आन बैठक मी ठरवणार. बन्सी ढोलकी वाजवंल.”