सोजराबाईच्या सिरियलीतल्या बांगड्या

सोजराबाईच्या नटण्यापायी पोरीची सोयरीक मोडली, असं वडनेरात कोनी सांगत असन तर त्याले आधी माह्या दुकानात पाठवा. मी दयाराम. बसस्टँडजवळ विहिरीवरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून बांधून देतो. त्या सिरियलीत मी तिचा नवरा झालो होतो, अन् चूक कोनाची ते मले चांगलं ठाऊक हाये.

तिचा खरा नवरा कचरू. बीटीच्या कपाशीले बोंडअळी लागत नाही म्हणून साऱ्या गावानं तेच बियाणं पेरलं, अन् गुलाबी अळीनं त्याच कपाशीची बोंडं आतून पोखरली. मंग जो तो फवारे मारत सुटला. कचरू दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारणी करे. औषध अंगात भिनलं, तिसऱ्या दिवशी माणूस गेला. बायांनी दारातच सोजराबाईच्या बांगड्या फोडल्या. अशी बोलकी बाई की मयतीतल्या माणसालेही हसवन. त्या दिवसापासून तिचं हसणं-हसवणंच बंद झालं.

वाहेद आमचा लग्नाचा शूटिंगवाला. दोन साल कापूस गेला तशी गावातली लग्नंही पुढं ढकलली, कॅमेरा पेटीत पडून राह्यला. मुंबईच्या कोन्या चॅनेलवाल्यानं त्याले सांगतलं, घरगुती विनोदी मालिकेचा एक नमुन्याचा भाग करून पाठवा, पसंत पडला तर पुढचे करू. वाहेदनं गोष्ट लिहिली. एका दिवसासाठी आलेला पाव्हणा महिना झाला तरी हालत नाही. घरधनीण म्हणून त्याले सोजराबाईच पायजे होती. ती तयार होईना. "सवाशीण व्हा लागन न वाहेदभाऊ. माह्या हातात आता बांगड्या कोन भरन?"

गुलनारनं भरल्या. वाहेदची बायको, बांगड्यांची टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरते. तिनं सोजराबाईले टिकली लावली अन् दोन्ही हातात डझन डझन हिरव्या बांगड्या चढवल्या. "खेळातल्या हायेत, गुन्हा थोडीच हाये," म्हणे.

पोळ्याच्या वक्ताले चार दिवस शूटिंग झालं. सोजराबाई पाव्हण्याले म्हणते, "जेवून जा म्हटलं होतं मी. जेवत राहा कोन म्हटलं?" वाहेद असा हसला की कॅमेरा हालला, तो तुकडा पुन्हा घ्या लागला. तीही हसली, पदर तोंडाले लावून, दोन सालानंतर पयल्यांदा. मले लय बरं वाटलं.

शेवटच्या दिवशी वाहेदनं बजावलं, फोन आला की लागलीच पुढचा भाग, तवर हातातल्या बांगड्या बदलू नका, नव्या भरल्या तर फरक दिसते. लग्नात नवरीलेही तो असंच बजावते, पाठवणी होईतोवर काही काढू नको म्हणून. त्याच्या धंद्याची सवय. हे बाईमाणूस विधवा हाये, गावात राह्यते, हे ना त्याच्या ध्यानात आलं ना माह्या.

गाव बोलाचं ते बोललंच. कापूस वेचाले जातानी ती कचरूचा फुल बाह्यांचा शर्ट घाले, अन् बांगड्या बाहीत लपवे. मले एकदा म्हणे, "भाकर थापतानी वाजते न भाऊ. घर भरल्यासारखं वाटते."

दिवाळीनंतर फोन आला, माह्याच दुकानात. वाहेदनं स्पीकरवर ठेवला. "बाईंचं काम छान आहे, पण ही भाषा सगळ्यांना झेपणार नाही. आम्ही घेत नाही आहोत. आणि तुमच्या भागातलं काही करायचंच असेल तर शेतकऱ्यांवरचं पाठवा, डोळ्यांत पाणी आणणारं."

वाहेद मोटारीच्या खोक्यावर बसला. म्हणे, "दयाराम, सोजराबाईले नको सांगू. बांगड्या उतरवा लागतीन तिले." मलेही तेच पटलं. दोघंही अकलेचे कांदे. तीन महिने ती दुकानावरून जातानी विचारे, "आला का फोन?" अन् मी म्हणो, "येते, येते. मोठे लोक हायेत, उशीर लागते."

माघात तिच्या पोरीले, संजीवनीले, पाहाले सोनाळ्याचे पाव्हणे आले. सकाळी सोजराबाई दुकानात आली. "आजच्यापुरत्या काढू का भाऊ? पण काढताना फुटल्या, अन् उद्या फोन आला तर?" तवा तरी तोंड उघडाव का नाही मी? मी म्हटलं, "राहू द्या, मी येतो, पाव्हण्याले समजावून सांगतो."

पोहे देतानी पोराच्या मावशीनं तिचे हात पायले. "पोरीचा बाप वारला म्हणे न?"

"सिरियलीसाठी हायेत," सोजराबाई म्हणाली. "फोन येनार हाये मुंबईचा."

"कवा?"

सोजराबाईनं माह्याकडं पायलं. "सांगा न भाऊ."

साऱ्यांच्या देखत मी म्हटलं, "येईनच आता."

मावशीनं मले खालून वर पायलं. "अन् तुम्ही कोन यांचे?"

"सिरियलीतला नवरा," माह्या तोंडून निघून गेलं.

पोह्याच्या ताटल्या तशाच राह्यल्या. सांजच्याले निरोप आला, आमचं जमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अन् वाहेद तिच्या दारात गेलो, अन् सारं सांगून टाकलं. सोजराबाईनं एकच विचारलं, "कवा आला होता फोन?"

"दिवाळी झाल्यावर."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मंग तिनं गुलनारले बोलावलं. गुलनारनं साबण लावला, तेल लावलं, पण वेचणीनं हात सुजले होते, बांगडी आंगठ्याच्या हाडापुढं सरके नाही. गुलनार रडाले लागली, माह्यानं होत नाही म्हणे. सोजराबाईनं आतून वरवंटा आणला, डावा हात उंबरठ्यावर ठेवला अन् मान वर करून मले विचारलं.

"भाऊ, कचरूच्या नावाच्या तं मांगंच फुटल्या. तुम्ही माह्यासमोर जिते उभे आहा. मंग ह्या मी कोनाच्या नावानं फोडू?"

वाहेद उठून रस्त्यावर गेला. तिनं डाव्या हाताच्या साऱ्या फोडल्या. मंग वरवंटा बाजूले ठेवला, उजवा हात उंबरठ्यावर टेकवला अन् वरवंटा धराले संजीवनीले हाक मारली.