मैदान बंद आहे

मैदान दुरुस्तीसाठी बंद आहे, असं मी वडिलांना खोटं सांगितलं. दर रविवारी संध्याकाळी त्यांना स्कूटरवर बसवून संस्थानी काळातल्या त्या फुटबॉलच्या मैदानावर न्यायचं आणि सामना संपेपर्यंत थांबायचं, याचा मला कंटाळा आला होता. रस्त्यावर गर्दी फार असते, पायऱ्या उंच आहेत, अशी कारणं मी स्वतःला देत राहिलो.

तिथे जुने खेळाडू गोलमागच्या पायरीवर बसतात आणि गोलकीपर कुणाच्याही संघाचा असो, त्याला मनसोक्त बोलतात. गोलकीपरही त्यांच्या पाया पडल्याशिवाय हातमोजे घालत नाही. वडील तरुणपणी तिथलेच गोलकीपर. माझं ऐकून ते एवढंच म्हणाले, "बरं झालं. पायऱ्यांवरचं छप्पर गळतच होतं." मग दर रविवारी विचारायचे, "उघडलं का रे?" मी नाही म्हणायचो.

परवा वडिलांबरोबर खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना त्यांचे पाणीगेट भागातले एक जुने मित्र भेटले आणि आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत त्यांना म्हणाले,

"केम भाई, मोठा माणूस झालास? तुझी जागा धरून धरून आम्ही थाकलो. कालची मॅचपण चुकवलीस."

वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते मित्राला म्हणाले, "गुडघे दुखतात रे. मीच येत नव्हतो."

त्यांनी मला सांभाळून घेतलं, तेच मला सोसेना. स्कूटरजवळ आल्यावर मी पिशवी खाली ठेवली.

"बाबा, मैदान बंद नव्हतं. मलाच तुम्हाला न्यायचा कंटाळा आला होता. माझं चुकलं. मला माफ करा."