एका तुकड्यावर ठरलेली गोळी

वर्ध्याला उतरले तेव्हा फलाटावर वसंतराव एकटेच उभे होते. नलूचे यजमान. नलू म्हणजे डी.एड.पासूनची माझी मैत्रीण. "तिले जिना चढवत नाई आता, ताई," ते म्हणाले.

पिपरी मेघेतल्या घरी ती दारात खुर्ची टाकून बसली होती, निम्मी झालेली. चहासोबत तिनं गोरसपाक (तुपातली खुसखुशीत बिस्किटं) पुढे केली. "खा. मले चव नाई, तुले तर आहे."

गेल्या वर्षी नलूच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. गाठीचा तुकडा तपासून खास तिच्यासाठी गोळी ठरली. खोकला थांबला, ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. मी तेव्हाच निघणार होते, पण फोनवर म्हणाली, "आत्ता नोको. पुरी बरी होऊ दे, मग येजो. कारंज्याकडं संत्र्याच्या बागा पाहू." मलाही पटलं. आणि मग यकृतात नवी गाठ दिसली.

त्या गाठीचा रिपोर्ट आणायला दुपारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलत होते. "फुप्फुसातल्या गाठीत जी जनुकीय खूण पाहून गोळी ठरवली होती, ती यकृतातल्या गाठीत नाही. एकाच कॅन्सरमध्ये सगळ्या पेशी सारख्या नसतात. खूण असलेल्या पेशी गोळीनं मारल्या. नसलेल्या वाढत राहिल्या. आता केमो द्यावी लागेल."

"तवाच आणखी तुकडे काढले असते तर?" वसंतरावांनी विचारलं.

"कदाचित कळलं असतं," डॉक्टर म्हणाले. "पण तेव्हा यकृतात काही दिसतच नव्हतं."

बाहेर येताच नलू म्हणाली, "पवनारले चाल."

ऑटो नदीच्या वरच्या अंगाला थांबला. खाली खडकांमधून धाम वाहत होती. नलूला उतरवेना. "तू जाय, मी वरून पाह्यते."

मी पाण्यात पाय सोडले. "थंड हाय का?" तिनं ओरडून विचारलं. मी हो म्हणाले. ऐकू गेलं नसावं, तिनं पुन्हा तेच विचारलं.

दुसऱ्या दिवशी परत निघाले. गाडीत तिचाच विचार होता. नातेवाईक म्हणतात, गोळी फुकट गेली. पण त्या गोळीनं नलूला कितीतरी चांगले महिने दिले होते. खोकला नाही, दम नाही, वर्गात खणखणीत आवाज. ते महिने आम्ही दोघींनी, ती पुरती बरी होण्याची वाट पाहत घालवले.