सेहेचाळीस तास कोणाचे

“ये तो दूसरा महिला है, बौदी,” असं म्हणून विमान खात्याच्या ऑफिसातल्या कारकूनबाबूंनी माझं लॉगबुक माझ्याकडे परत सरकवलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बौदी, म्हणजे वहिनी, मी; आणि ती दुसरी महिलाही मीच होते. लॉगबुकातल्या फोटोत दोन वेण्या, कपाळावर चढवलेला गॉगल, आणि सगळं जग आपल्या बापाचं असल्यासारखं हसू. एकोणीस वर्षांची होते तेव्हा. कॉलेजात असताना नागपूरच्या क्लबात मी विमान चालवायला शिकले होते. प्रत्येक उड्डाणाची वेळ त्या वहीत लिहायची आणि शिक्षकांची सही घ्यायची, अशी शिस्त. असे सेहेचाळीस तास माझ्या नावावर जमले, खासगी वैमानिकाचं लायसन्स हातात पडलं, आणि दीड वर्षात लग्न झालं. मग दोन मुलं, आणि यजमानांच्या बँकेच्या बदल्या. भोपाळ, कानपूर, पाटणा, आणि शेवटी कलकत्ता. लायसन्स ट्रंकेच्या तळाशी केव्हा मुदत संपून मेलं, ते कळलंसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, कळलं होतं. त्या दिवशी मी विनाकारण मुलांना बदडलं होतं.

ते पुन्हा जिवंत करावं, हे डोक्यात आलं ते एका हळदीकुंकवाला जाताना. बँकेतल्या एकांच्या मिसेसनं बेहालाला बोलावलं होतं. बसमधून उतरले आणि डोक्यावरून एक पुष्पक गेलं. दोन माणसांचं, कापडी अंगाचं, घरघर करणारं छोटंसं विमान. हातात वाणासाठी नेलेली रिकामी पिशवी घेऊन मी रस्त्यात तशीच उभी राहिले. मागच्या माणसानं दोनदा “दिदी, शोरून” म्हटलं, तेव्हा बाजूला झाले. हळदीकुंकवाहून परतताना घरी न जाता सरळ बेहालाच्याच छोट्या विमानतळावर गेले आणि तिथल्या क्लबात चौकशी केली.

चीफ इन्स्ट्रक्टर एक टक्कल पडलेले बंगाली गृहस्थ होते. त्यांनी माझ्या जरीच्या साडीकडे पाहिलं, कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं, आणि तरी सभ्यपणे सगळं सांगितलं. डॉक्टरी तपासणी, नियमांची लेखी परीक्षा, त्यांच्याबरोबर काही तास, मग एकटीनं तीन लँडिंग. झालं. “पण जुने तास खात्यानं मान्य केले पाहिजेत,” ते म्हणाले. “नाही केले, तर तुम्ही नव्या विद्यार्थिनी. पहिल्या धड्यापासून.” नंबर लागायची वाट पाहणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांची यादी भिंतीवर लावलेली होती. ती वाचायला मला मान खूप खाली करावी लागली. आमची पुढची बदली वर्षावर आली होती, आणि माझी चाळिशी फारशी लांब नव्हती. ते सेहेचाळीस तास धरले गेले तर मी उडणार होते. नाही धरले तर या जन्मात नाही, हे मला तिथेच कळलं.

डॉक्टरांनी डोळे, कान, रक्तदाब तपासला आणि मग विचारलं, मुलं किती, मिस्टरांची परवानगी आहे का, आणि मुळात हवंय कशाला. डोळ्यांच्या तक्त्यावर हा प्रश्न कुठल्या ओळीत आहे, असं विचारणार होते. जीभ चावली. सही हवी होती त्यांची. लेखी परीक्षेचा अभ्यास मी लोडशेडिंगमध्ये कंदिलाशी बसून केला. धाकटा त्याच उजेडात भूगोल पाठ करत असे. मी पास झाले, तो भूगोलात गचकला. तेही माझ्याच माथी आलं.

आणि एवढं सगळं करून मी त्या खिडकीशी पोचले, तर मी दुसरी बाई!

बाबूंचंही चुकत नव्हतं म्हणा. लॉगबुकात माझं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. डॉक्टरी दाखल्यावर मात्र सासरचं. आडनाव बदललं हे त्यांना समजत होतं. वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, हेही एक वेळ पटलं. “पण बौदी, हे पहिलं नाव पण वेगळं कसं?”

मी त्यांना समजावलं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवरा ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहितो. ते सगळ्यांना वाचून दाखवतात, पेढे वाटतात, आणि त्या क्षणापासून ती मुलगी ती. बाबू भयंकर रस घेऊन ऐकत होते. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनाही त्यांनी बोलावून घेतलं. त्यांच्याकडे आडनाव बदलतं, अख्खी बाई बदलत नाही. मग त्यांनी अत्यंत वाजवी प्रश्न विचारला, “कागज?”

कागद नव्हता. लग्नपत्रिकेत नाव माहेरचं, कारण पत्रिका लग्नाच्या आधी छापतात. नवं नाव लिहिलं होतं ते फक्त तांदळांवर. ते तांदूळ पुढे कोणी शिजवले की भटजींनी नेले, कुणास ठाऊक.

यानंतर मी त्या ऑफिसला किती हेलपाटे घातले ते विचारू नका. बालीगंजहून दोन बस बदलून जायचं. कधी साहेब दौऱ्यावर, कधी मिरवणुकीमुळे रस्ता बंद, कधी फाईल वर गेलेली, कधी खाली आलेली. बाबू दर वेळी उठून खुर्ची द्यायचे, “बोशून, बौदी,” म्हणायचे, चहा मागवायचे. इतक्या प्रेमानं कोणी माझं काम अडवलेलं नाही. यजमानांनी बँकेच्या लेटरहेडवर लिहून दिलं की ही ती हीच आहे. साहेबांनी ते परत पाठवलं. नवऱ्यानं बायकोला तिच्या माहेरच्या नावानं ओळखल्याचा पुरावा काय? आणि तो खरंच नव्हता. चहापोह्यांच्या वेळी यांनी मला एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हाही बोलले ते माझ्या भावाशी, क्रिकेटवर.

शेवटी अलीपूरच्या कोर्टातल्या एका वकिलांनी तोडगा सांगितला. दोन्ही नावांची एकच बाई असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि नाव बदललं तेव्हा हजर असलेल्या वडीलधाऱ्या माणसाची साक्ष. माझे आईवडील दोघंही गेलेले. भाऊ परदेशात, आणि पत्राला उत्तर द्यायची त्याची रीत वर्षाला एक. उरल्या सासूबाई.

आता सांगायलाच हवं. माझं नाव सासूबाईंनीच बदललं होतं. त्यांचं आणि माझं नाव एकच होतं, आणि एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील, असं त्यांनी लग्नाची बोलणी चालू असतानाच ठरवून टाकलं होतं. मला कोणी विचारलं नाही. त्या माझ्याशी वाईट वागल्या असं मुळीच नाही. मी पुन्हा विमान चालवणार म्हटल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “पोरांच्या डब्याचं बघ आणि मग कुठं उडायचं तिथं उड.” पण स्वतःच्या नावासाठी त्यांनी माझं काढून घेतलं, हे मी सोळा वर्षं मनात धरून होते. वर काही बोलायची सोय नव्हती. आणि आता त्यांनाच म्हणायचं, की चला, माझं नाव तुम्ही बदललंत हे कोर्टात येऊन सांगा. जिवावर आलं होतं.

“येते की,” त्या म्हणाल्या. “त्यात काय?”

ठरल्या दिवशी त्या नऊवारी नेसून, शाल घेऊन निघाल्या. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टाइपरायटरांचा खडखडाट चाललेला. वकिलांनी हिंदीत विचारलं, माताजींच्या नावाचा काही कागद आहे का? मी पिशवीतून रेशनकार्ड काढत होते, तेवढ्यात सासूबाईंनी शालीखालून एक रुमालाची घडी काढली. आत मुलींच्या शाळेचा चौथी पास झाल्याचा दाखला होता, घड्यांवर फाटत आलेला. कोर्टाचं काम म्हणजे दाखला लागणारच, म्हणून त्यांनी तो आठवणीनं आणला होता. मला त्यांच्याकडे असं काही आहे हे माहीतच नव्हतं. वकिलांना मराठी वाचता येईना, म्हणून मी वाचायला घेतला.

दाखल्यावर भलतंच नाव होतं.

“आई, हा कोणाचा?”

“माझाच.”

“पण यावर तुमचं नाव नाही.”

“माझंच आहे ते. तुला माहीत आहे ते नाव या घरचं. माझ्या सासूबाईंनी ठेवलेलं.”

मी दाखला पुन्हा एकदा वाचला. ज्या नावाला धक्का लागू नये म्हणून माझं नाव पुसलं गेलं, ते त्यांचं नव्हतंच! सोळा वर्षांचा माझा राग होता, चांगला पोसलेला, आणि तो ठेवायला आता जागाच राहिली नाही. कोणावर चिडू? त्यांच्या सासूबाईंवर? त्यांचं तरी मूळचं नाव कोणाला माहीत होतं?

वकिलांना मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. हा दाखला जोडला तर साक्षीदारही दोन बायका होणार, मग त्यांच्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र, त्याला वेगळी साक्ष. “माताजींना या नावानं ओळखणारं कोण आहे?”

मी ते मराठीत विचारलं. सासूबाईंनी थोडा विचार केला.

“कोणी नाही आता,” त्या म्हणाल्या. दूध आलं नाही म्हणून सांगावं, तशा. मग दाखल्याची घडी घालून त्यांनी तो रुमालात परत बांधला.

रेशनकार्डावर काम झालं. सासूबाईंनी सावकाश, अक्षर न् अक्षर कोरत सही केली. त्या कागदावर पुढे कितीतरी शिक्के बसले आणि दोन महिन्यांनी बाबूंनी उभं राहून माझं लॉगबुक माझ्या हातात दिलं. सेहेचाळीस तास माझे ठरले. मी तिथे रडले, हे लिहायला आता हरकत नाही. बाबूंनी चहा मागवला.

त्या हिवाळ्यात सकाळी मी बेहालाला जाऊ लागले. घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्यांचा धूर निवळेपर्यंत धावपट्टीच दिसायची नाही, आणि दिसू लागली की इन्स्ट्रक्टर ओरडायला मोकळे. हात विसरले नव्हते, पण पाय विसरले होते. विमान जमिनीवर खेकड्यागत तिरकं धावे. एकटीच्या तीन लँडिंगमधलं दुसरं असं आपटलं की माझेच दात वाजले. तरी पास झाले. लायसन्स मिळालं, आणि आता मला शेजारी कोणाला तरी बसवून न्यायची मुभा होती.

यजमानांना आधी विचारलं. त्यांना सर्दी होती. पुढच्या रविवारीही होती. तिसऱ्या रविवारी सासूबाई म्हणाल्या, “त्याची सर्दी काही जायची नाही. मी येते.”

इन्स्ट्रक्टरांनी स्वतः त्यांचा पट्टा आवळला. पदर खोचून, दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या बसल्या. वर गेल्यावर त्यांनी खिडकीकडे मान वळवली. खाली तळी, नारळीची झाडं, आणि लांबवर नदी. मग इंजिनाच्या आवाजावर ओरडून म्हणाल्या, “एवढ्यात नको उतरू. अजून एक फेरी मार.” मी दोन मारल्या.

उतरल्यावर लॉगबुक भरायला बसले. त्यात प्रवाशाच्या नावाचा एक रकाना असतो. पेन उघडून मी थांबले.

“आई, कोणतं लिहू?”

त्यांनी सांगितलं ते लिहिलं.

संध्याकाळी यजमानांनी कौतुकानं लॉगबुक मागितलं. सासूबाई तिथेच मेथी निवडत बसल्या होत्या. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून हे थांबले.

“ही कोण? क्लबातली मैत्रीण का?”

“नीट वाचा,” मी म्हटलं.

यांनी ते नाव मोठ्यानं वाचलं. मेथीवरची मान वर न करता सासूबाईंनी ‘ओ’ दिली.