साक्षीदाराची जागा

सरकारी कामात ‘आवश्यकता’ नावाचा एक दस्तऐवज असतो. तो लिहिताना सगळे उदार असतात, कारण तेव्हा कोणालाच काही उचलून न्यायचं नसतं. आमच्या कार्यालयानं आसपासच्या जिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांची नोंदणी एका यंत्रणेवर आणायचं ठरवलं, तेव्हा तो दस्तऐवज लिहायला मी आणि माझा एक सहकारी बसलो. तो माझ्यापेक्षा बराच लहान, जबलपूरच्याच दीक्षितपुऱ्यात राहणारा, मला दादा म्हणायचा.

काम सांगायला सोपं होतं. सर्व्हर दोन ठिकाणी, जबलपुरात आणि इंदुरात. नेटवर्क मात्र सॉफ्टवेअरमध्ये असं आखायचं की रुग्णालयाच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला ही दोन शहरं आहेत हे कळूच नये. जबलपूर बंद पडलं तर इंदुरानं काम उचलायचं. यात एक पेच असतो. दोघांमधला संपर्क तुटला की प्रत्येकाला वाटतं दुसरा मेला, आणि दोघंही मालक होऊन बसतात. मग एकाच रुग्णाच्या दोन वेगवेगळ्या नोंदी. म्हणून तिसऱ्या शहरात एक छोटं यंत्र ठेवतात. ते दुसरं काही करत नाही, फक्त कोण जिवंत आहे ते सांगतं. जबलपूर दिसेनासं झालं तर या तिसऱ्याची साक्ष मिळाल्याशिवाय इंदूर पुढे येत नाही. आम्ही त्याला साक्षीदारच म्हणायचो. त्याच्यासाठी नागपुरात एक खोली ठरली होती.

या साक्षीदाराबद्दल सहकारी फार काटेकोर होता. त्याच्या आईचं डायलिसिस सरकारी रुग्णालयात, मोफत योजनेत चालू होतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. खिडकीवर अंगठा लावायचा, नोंद झाली की मशीन मिळायचं. नोंद नाही तर मशीन नाही.

“दादा, तुम्ही जनतेसाठी काम करून राहिले,” तो म्हणायचा. “मी आपल्या आईसाठी करून राहिलो. जनतेचं होऊन जाईल सोबत.”

मग उद्घाटन आलं. प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबायचं आणि तिन्ही यंत्रांचे हिरवे दिवे एकदम लागायचे, अशी आमच्या कार्यालयाच्या साहेबांची कल्पना. इंदूरचा दिवा पडद्यावर दाखवता येईल, पण साक्षीदार तरी समोर असावा ना! म्हणून नागपूरला जायला निघालेलं ते यंत्र एका दिवसासाठी आमच्या जबलपूरच्या सर्व्हर खोलीत बसवलं. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, नारळ दाराबाहेर फोडला, कारण खोलीत पाणी सांडायला सहकाऱ्यानं मनाई केली होती. तेवढा एकच तांत्रिक मुद्दा त्या दिवशी मान्य झाला.

आठवड्यानं तो साहेबांकडे गेला. साक्षीदार नागपूरला हलवायला परवानगी हवी होती.

“काहे को हिलाना भैया?” साहेब म्हणाले. “पूजा हो गई, आसन पर बैठ गया. शुभ काम चल रहा है.”

“सर, ही खोली गेली तर साक्षीदारही जाईल. इंदूर वाट पाहत बसेल.”

“आप अच्छा सोचा करिए.”

तालीमही झाली. खरी वीज तोडून बघू, असं सहकारी म्हणाला, तर पूजा झालेल्या जागी अंधार करायचा म्हणजे अपशकुन, असं ठरलं. त्यामुळे तालीम फार सभ्यपणे झाली. जबलपुरानं इंदुराला रीतसर कळवलं की मी निघतो, साक्षीदारानं मान डोलावली, इंदुरानं काम उचललं. टाळ्या वाजल्या. मरणारा असा निरोप घेऊन जात नाही, हे म्हणायला तिथं कोणाला बोलावलं नव्हतं.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी बॅटऱ्यांच्या खोलीतून धूर आला. कोणाला इजा झाली नाही. अग्निशमनवाले आले आणि नियमाप्रमाणे त्यांनी पूर्ण इमारतीची वीज तोडली. जबलपूर गेलं. त्याच्या शेजारी कुंकू लावून बसलेला साक्षीदारही गेला. इंदूरचा इंजिनिअर फोनवर सांगत होता की त्याच्याकडे सगळं ठीक आहे, पण यंत्रणा उठत नाही. ती उठणारच नव्हती. आम्ही तिला तसंच शिकवलं होतं.

हातानं उठवता आली असती. त्याला साहेबांची मंजुरी लागायची आणि साहेब भोपाळला सादरीकरणात होते, फोन बंद ठेवून.

सहकारी इमारतीसमोरच्या फुटपाथवर उभा होता. आईला शेजारीण घेऊन गेली होती. शेजारणीचा फोन आला.

“काय म्हणून राहिले तिथं?” त्यानं विचारलं. खिडकी बंद आहे, असं ती म्हणाली. “हो काकू. माहीत आहे मला, काहून बंद आहे ते.”

साहेबांची मंजुरी संध्याकाळी आली आणि इंदूर काही मिनिटांत चालू झालं. तोवर डायलिसिसची पाळी संपली होती. खाजगीत नेतो असं त्यानं रात्री सांगितलं, तर आई म्हणाली, शुक्रवार काय दूर आहे. बुधवारी तिला धाप लागली. गुरुवारी सकाळी रुग्णालयाच्या वाटेवर ती गेली. डॉक्टरांनी कारण हृदय लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं.

साहेब भेटायला घरी आले. जोडे दाराबाहेर नीट काढून, हात जोडून बसले. “एक भी रिकॉर्ड नहीं गया,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “सब आपकी मेहनत है.” एकही नोंद गेली नाही, हेच आमच्या अहवालातलंही पहिलं वाक्य होतं. मग त्यांनी सुचवलं की नागपूरच्या खोलीला आईचं नाव द्यावं, छोटीशी पाटी लावू.

“पाटी नको सर,” तो म्हणाला. “यंत्र तेवढं पाठवा.”

यंत्र गेलं. पुसूनही स्वस्तिक पूर्ण गेलं नव्हतं, तसंच गेलं. यावेळी तालमीला पाहुणे नव्हते, मुहूर्तही कोणी काढला नाही. मंगळवार होता. सहकाऱ्यानं स्वतः जबलपूरचा मुख्य स्विच खाली ओढला. खोली काळी झाली, पंख्यांचा आवाज विरत गेला, आणि त्याच्या फोनवर इंदूर उठल्याचा संदेश आला. पडद्यावरच्या हिरव्या दिव्यांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. त्यानं रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीला फोन लावला.

मी शेजारी उभा होतो. खिडकीवरची मुलगी मोठ्यानं बोलत होती, मला स्पष्ट ऐकू आलं. हो, नोंदणी चालू आहे, अंगठे लागताहेत, काही अडचण नाही. मग तिनं त्याचा आवाज ओळखला असावा.

“अरे भैया, आप! अम्माजी को बहुत दिन से नहीं लाए? आज तो भीड़ भी नहीं है, ले आइए.”



“अच्छा,” तो म्हणाला, आणि त्यानं अंधारातच फोन ठेवला.