सरांची जात

आमच्या धंद्यात 'बुडवणे' हे रोजचं क्रियापद आहे. एकाच गवताला दोन माणसांनी वेगवेगळ्या काळात दोन नावं दिली आणि पुढे कुणी ती दोन्ही एकच असल्याचं दाखवून दिलं, की नंतरचं नाव रद्द होतं. पुस्तकात याला भारदस्त शब्द आहेत. कोल्हापूरच्या आमच्या प्रयोगशाळेत मात्र सगळे सरळ म्हणायचे, "जात बुडाली." पुस्तकातली प्रजाती आमच्या बोलण्यात नेहमी जातच असायची. बाहेरच्या माणसाला हे ऐकून काय वाटेल, याचा विचार करायला सवड कुणाला होती!

पीएच.डी.साठी मी मारवेल घेतली. मारवेल म्हणजे बांधावर, रस्त्याकडेला, कुठंही वाढणारं गोड गवत. म्हशी त्यावर तुटून पडतात. आमचं घर पेठ वडगावजवळ, शेती आणि चार म्हशी, त्यामुळे मारवेलीचा भारा मी लहानपणापासून बघत आले होते. विषय सांगितला तेव्हा आई म्हणाली, "एवढं शिकलीस आणि शेवटी वैरणच काय गं?" मी तिला गुणसूत्रं समजावून सांगायला लागले, तर ती धार काढायला निघून गेली.

मारवेलीच्या बहिणी पुष्कळ आहेत आणि फुलोरा नसताना त्या एकमेकींपासून वेगळ्या काढणं म्हणजे डोकेदुखी. मारवेलीच्या पेऱ्याभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं, ती तिची मोठी खूण. या बहिणींमध्ये एक सरांची होती. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. तरुणपणी त्यांना पन्हाळ्याच्या पलीकडच्या एका पठारावर एक गवत सापडलं. दिसायला मारवेलीसारखंच, पण बुटकं, जमिनीलगत पसरणारं, पेरं साफ टकली, कुसळही आखूड. पठाराच्या पायथ्याला सरांचं स्वतःचं गाव. त्यांनी ती नवी जात म्हणून जाहीर केली आणि गावाचं नाव लॅटिन करून तिला दिलं. जगात कुणीही त्या गवतावर लिहिलं की गावाच्या नावामागे सरांचं आडनाव लागायचं.

सरांना बाकी कशाचा गर्व नव्हता. मिळालेल्या मानचिन्हांवर ते ब्लेडची पाकिटं आणि स्लाइडच्या पेट्या ठेवायचे. पण प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या, कपाटातून लाल फोल्डर काढायचे, आतल्या शीटवर चिकटवलेलं ते वाळकं गवत दाखवायचे आणि म्हणायचे, "ही आमची." एवढंच. मग फोल्डर आत आणि आम्ही कामाला.

काम म्हणजे चिकाटीचं. पहिलं, पानांचे छेद. गाजराच्या फाकेत पान धरायचं आणि ब्लेडनं इतके पातळ काप काढायचे, की काचेवर ठेवल्यावर आरपार दिसलं पाहिजे. माझी बोटं सदान्‌कदा कापलेली असायची. छेदात शिरांभोवती हिरव्या पेशींचं कडं दिसतं, मध्ये फुग्यासारख्या पेशींचे झुपके दिसतात आणि सालीवर वाळूचे बारीक कण, तालमीतल्या डंबेलच्या आकाराचे. बहिणींमधले फरक याच्यात लपलेले असतात. दुसरं काम गुणसूत्रांचं. सकाळी कोवळ्या मुळांची टोकं घ्यायची, औषधात मुरवायची, रंगवायची आणि काचेखाली अंगठ्यानं दाबायची. दाब कमी पडला तर गुणसूत्रं एकमेकांवर चढतात, जास्त झाला तर काच फुटते आणि सर दुसऱ्या खोलीतून ओरडतात, "पैलवान, हळू!"

या घराण्यात गुणसूत्रं दहाच्या पाढ्यानं येतात. मारवेलीत चाळीस. सरांचा पहिल्यापासून अंदाज होता, की त्यांच्या बुटकीत वीस निघतील. त्यांच्या काळात त्यांनी मोजणी केली नव्हती, पण वीस निघाले की जात वेगळी याला शिक्कामोर्तब झालं, असं ते म्हणायचे. निवृत्ती जवळ आली होती. ते शिक्कामोर्तब माझ्या हातून व्हावं, ही त्यांची इच्छा होती आणि खरं सांगायचं तर माझीही.

निघाले चाळीस. मी स्लाइड बदलली, झाड बदललं, रंग बदलला. चाळीसच. मग मी आमच्या सीनियरला बोलावलं. तो गडहिंग्लजच्या बाजूचा, घरात कानडी, बाजारात मराठी. वडिलांच्या भुसार दुकानात पोती कानडीत मोजायची सवय, म्हणून तो गुणसूत्रंही कानडीतच मोजायचा. कुठल्या गवताची स्लाइड आहे ते मी त्याला सांगितलं नाही. तो बराच वेळ ओठ हलवत बसला आणि म्हणाला, "नलवत्तु." चाळीसला कानडीत काय म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं आणि आवडलं नाही.

नुसते आकडे जुळले म्हणून दोन गवतं एक होत नाहीत, हे मी स्वतःला बजावत होते. पण गुणसूत्रांची लांबी जुळत होती, घडण जुळत होती. छेद शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा ते मलाच सांगता येईना. आणि शेवटचा घाव कुंड्यांनी घातला. विभागाच्या गच्चीवर मी दोन्ही गवतं एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढवली होती. पठारावरची बुटकी तिथं खाऊन-पिऊन तरारली, मारवेलीएवढी उंच झाली आणि एका सकाळी तिच्या पेऱ्यावर मला पांढरे केस दिसले. हातातलं भिंग मी खाली ठेवलं. बुटकी वेगळी नव्हतीच. तिला फक्त पोटभर माती कधी मिळाली नव्हती.

सरांना सांगायचं कसं? आठवडाभर सर डोकावून जायचे, "काय म्हणतीया आमची?" आणि मी म्हणायची, "गुणसूत्रांचा स्प्रेड नीट येईना, सर." तशात रविवारी मी घरी गेले. तोवर सीनियरला मी सगळं सांगितलं होतं, त्याचा फोन आला. मी सोप्यात उभी राहून बोलत होते. आमच्याकडच्या पोरी मित्राशी बोलताना 'मी जातो, मी सांगतो' असंच बोलतात, तशी मी बोलत होते. "हे बघ, जात बुडणार म्हंजे बुडणार. आता देव आला तरी वाचत न्हाय. सरांना मीच सांगतो, तू मधी पडू नको. आणि घरी कशाला सांगू? त्यास्नी काय कळतंय ह्यातलं?"

आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता. ते मला नंतर आठवलं. रात्री आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, म्हशीनं दूध कमी दिलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत सरांच्या समोरच मुळं धुवत होते, तोवर दारात आबा. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट आणि हातात काकवीची बाटली. भांडायला आले होते, पण मास्तरांकडे रिकाम्या हातानं जायचं कसं, म्हणून बाटली. ती त्यांनी टेबलावर आपटलीच.

"या पावणं, बसा," सर म्हणाले.

"बसाय आलो न्हाय. सर, आमची पोरगी जात बुडवाय निघालीया. तुमास्नी म्हाईत हाय का न्हाय?"

"जात?" सर म्हणाले. "कुणाची?"

"कुणाची म्हंजे? फोनवर बोलली, हिच्या आईनं कानानं ऐकलंया. बुडणार म्हंजे बुडणार, देव आला तरी वाचत न्हाय. आनी तुमास्नी सांगायचं ऱ्हायलंय म्हनं. कोन हाय त्यो पोरगा, तेवढं मला सांगा."

सीनियर मागच्या मागे जो बाहेर गेला, तो पुढचा अर्धा दिवस कुणाला दिसला नाही. सर आबांकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. आमच्या प्रयोगशाळेत त्या वेळी बुडण्यासारखी जात एकच होती.

"किती आले?" त्यांनी विचारलं.

"चाळीस."

"सगळ्यात?"

"सगळ्यात, सर."

"चाळीस!" आबा ओरडले. "त्यो पोरगा चाळीस वर्साचा हाय?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम येतात तेव्हा माणूस फार वाईट दिसतो, तशी मी दिसत असणार. सर उठले. आबांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खुर्चीत बसवलं. "पावणं, पोरगाबिरगा कोन न्हाय. तुमची जात हाय तिथंच हाय. बुडाली ती माझी." मग त्यांनी लाल फोल्डर काढून आबांना ते गवत दाखवलं आणि सगळं समजावून सांगितलं. मला इतकी वर्षं जे आईला सांगता आलं नाही, ते त्यांनी चहा येईपर्यंत सांगून टाकलं.

आबांचा जीव भांड्यात पडला. पण ते अडाणी नव्हेत. सरांचा चेहरा बघून त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "चूक झाली, सर," ते म्हणाले.

"चूक कशाची? बरं झालं आलासा. ही काय मला सांगत नव्हती."

जिन्यात मी आबांना धरलं. मला भयंकर राग आला होता. "माझी खरंच बुडाली असती, तर काय केलं असतंत, आबा?" ते थांबले. गाडीत पेट्रोल आहे का ते बघायला हवं, असं पुटपुटत खाली उतरले. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही आणि मीही तो पुन्हा विचारलेला नाही.

मी वर आले, तर सर मायक्रोस्कोपवर वाकलेले. त्यांनी माझ्या सगळ्या स्लाइड एकेक करून बघितल्या, छेद बघितले, गच्चीवर जाऊन कुंडीतल्या पेऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बुडव. पण नीट बुडव. पुन्हा कुणी वर काढाय नको. पठारावर जाऊन ताजी मुळं आणू, मी येतो."

पठारावर वारा फार असतो. जिथं त्यांनी पहिल्यांदा ते गवत उचललं होतं, ती जागा न चुकता शोधून सर तिथं उभे राहिले. खडकावर बोटभर माती, त्यात गवत बुटकं आणि टकलं. थोडं पुढे गुरांच्या पाणवठ्याजवळ माती खोल होती. तिथं तेच गवत गुडघ्याएवढं, आणि पेऱ्यावर विरळ केस. मी मुळं बाटलीत घालत होते. सर खुरपं मांडीवर घेऊन खाली बसले. खाली त्यांच्या गावाची कौलं आणि पत्रे दिसत होते.

"हा पाणवठा तवाबी हितंच हुता," ते म्हणाले. "मी हिकडं आलोच न्हाय. मला बघायचंच नव्हतं."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. काही तरी बोलावं म्हणून मी म्हणाले, "सर, नाव रद्द झालं तरी यादीत खाली राहतंच की." ते म्हणाले, "खालीच ऱ्हातंय," आणि मुळं वाळतील, झाकण लाव, म्हणून माझ्यावर खेकसले.

त्या मुळांतही चाळीसच निघाले. सरांनी स्वतः मोजले.

माझ्या तोंडी परीक्षेला सभागृहात बरीच माणसं होती. मागच्या रांगेत आई-आबा काकवीच्या बाटलीसह बसले होते. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा वर करून म्हणाले, "तुम्ही जी जात रद्द करताय, ती तर तुमच्याच मार्गदर्शकांची आहे. त्यांना कल्पना आहे ना?" लोक हसले. मी उत्तर द्यायच्या आधी सर जागेवरून म्हणाले, "आहे. हिच्या वडिलांनी सांगितलं." परीक्षकांना काही कळलं नाही. आबांनी मान खाली घातली, ती टाळ्या वाजेपर्यंत वर केली नाही.

एक काम राहिलं होतं. हर्बेरियमच्या शीटवरचं जुनं लेबल कधी काढत नाहीत. नाव बदललं की नवी चिठ्ठी लिहायची, ज्यानं ठरवलं त्यानं सही करायची आणि जुनं लेबल न झाकता त्याच्या वरच्या बाजूला चिकटवायची. माझा शोधनिबंध छापून आल्यावर सर मला हर्बेरियममध्ये घेऊन गेले. निवृत्तीचा त्यांचा तो शेवटचा आठवडा. लाल फोल्डर उघडलं. खालच्या कोपऱ्यात त्यांच्या तरुण अक्षरातलं लेबल, त्यावर गावाचं नाव, मागे त्यांचं आडनाव. चिठ्ठी मी घरून लिहून आणली होती. मारवेलीचं लॅटिन नाव, बाकी काही नाही. सही तेवढी केली नव्हती.

सरांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, पालथी घातली आणि स्वतः तिला चारी कडांनी डिंक लावला. मग ती ओली चिठ्ठी त्यांनी आपल्याच लेबलाच्या वर नीट सरळ धरून बसवली, अंगठ्यानं दाबली आणि पेन माझ्या पुढे केलं. मला ते घेववेना.

"कर की सही," सर म्हणाले. "डिंक वाळाय लागला."