आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं

"आजकल बड़े शहरों में नया फ़ैशन चला है. लड़की लड़की से ब्याह करेगी. अरे भाई, फिर कन्यादान कौन लेगा?"

खासदार साहेब माइकवर हसले. सगळा हॉल हसला. स्टेजवर गणपतीच्या बाजूला सूत्रसंचालनाचे कागद घेऊन मी उभी होते, मीही हसले. टाळ्या पडल्या, त्यात माझीही होती. हे आधीच कबूल करते. नंतर मी फार शूर होते असं कुणाला वाटायला नको.

जयपूरच्या आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव होता. मी सोलापूरची, इथल्या सी-स्कीम भागातल्या एका कंपनीत नोकरी करते. इथं वाढलेल्या पोरांचं मराठी दर दोन शब्दांनी 'मतलब'वर अडतं, म्हणून दरवर्षी माइक माझ्याकडे. पाहुण्यांचा परिचय मी लिहायचा, शेवटी आभारही मीच मानायचे. खासदारांच्या परिचयात मी लिहिलं होतं, 'महिलांच्या सन्मानासाठी अहोरात्र झटणारे'. अहोरात्र! कुठून सुचलं देव जाणे.

तिसऱ्या रांगेत सरोज बसली होती. ती इथलीच, शाळेत गणित शिकवते. आठ वर्षं आम्ही खातीपुऱ्यात एका घरात राहतो, नवराबायको राहतात तशा. मंडळात मात्र मी तिची ओळख मावसबहीण अशी करून दिलेली. मराठी बाईला राजस्थानी मावसबहीण कशी? तर म्हणे मावशी इकडच्या माणसाबरोबर पळून गेली. माझी मावशी बिचारी बार्शीत भजनाला जाते, तिला मी पळून जायला लावलं. सगळ्यांना पटलं. पळून जाऊन केलेलं लग्नही चालतं लोकांना, फक्त एक बाई आणि एक बुवा पाहिजे.

साहेब थांबले नव्हते. "मुझे इनसे नफ़रत नहीं है. घर में चुपचाप रहो, इलाज कराओ. पर शादी? मेरे रहते ऐसा क़ानून संसद में नहीं आएगा."

सुप्रीम कोर्टानं सांगितलं, असा कायदा करायचा की नाही ते संसदेनं ठरवावं. संसद म्हणजे कोण? हा. आम्हीच शाल घातलेला, आम्हीच नारळ दिलेला हा माणूस. आमची दोघींची मतं याच्याच मतदारसंघात.

चुपचाप रहो म्हणे. आठ वर्षं दुसरं केलंय काय आम्ही? सरोजचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं तेव्हा हॉस्पिटलवाले म्हणाले, नात्यातलं माणूस आणा. सीकरहून तिचा भाऊ येईपर्यंत मी बाकड्यावर बसून. चार वर्षं त्यानं तिला फोन केला नव्हता. तो नात्यातला, आणि मी? सोबत आलेली बाई. तेव्हाही चुपचापच बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

मी सरोजकडे बघितलं. ती साहेबांकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती. टाळ्या वाजवलेल्या हातांकडे.

लाज वाटली. त्याची नाही, माझी.

तेवढ्यात अप्पा जवळ आले. अप्पा म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी, फौजेतून रिटायर झालेले. मंडळाच्या इमारतीला जागा हवी होती, म्हणून तर हा पाहुणा. कानात म्हणाले, "छान भरभरून मान हं आभार. अमूल्य विचार वगैरे."

कागदावर तेच होतं. 'आपल्या अमूल्य विचारांनी आम्हाला दिशा मिळाली.' दोन दिवस आधी लिहिलेलं. आपली मराठी माणसांची रीतच आहे ही. पाहुणा काय बोलणार ते ऐकायच्या आधीच आपण त्याच्या विचारांचे आभार लिहून ठेवतो.

मी माइक घेतला. म्हणाले, "साहेब, आपण आलात त्याबद्दल मंडळातर्फे आभार. विचारांबद्दल मी आभार मानणार नाही. आप जिसका इलाज बता रहे हैं, वो मैं हूँ. मुझे इलाज नहीं, क़ानून चाहिए."

बस्स, एवढंच. सरोजचं नाव घेतलं नाही. तिची नोकरी शाळेतली, नाव सांगायचं की नाही तो निर्णय तिचा. पण ती उठली. शेजारच्या काकूंनी हाताला धरून खाली ओढलं, "बैस गं, बैस." नाही बसली.

साहेबांनी अप्पांना विचारलं, "ये कौन है?" तेवढ्यात कुणीतरी घाईघाईनं आरती सुरू केली. विषय बुडवायला देव बरा सापडतो लोकांना.

दुसऱ्या दिवशी अप्पा घरी आले. सरोजनं केलेला चहा घेतला. माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. म्हणाले, "तुमचं काय ते तुमच्या घरात असू दे गं. पण साहेबांना एक माफीचं पत्र लिही. जागेचा प्रश्न आहे. आणि हिला मावसबहीण म्हणून आणत जा, आमची काही हरकत नाही."

हरकत नाही! केवढी मेहेरबानी! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"अप्पा, पत्र लिहिते," मी म्हणाले. "पण माफीचं नाही."

संध्याकाळी सरोजच्या शाळेतून फोन आला. उद्या येऊन भेटा म्हणाले. कशासाठी ते सांगितलं नाही, सांगायला कशाला पाहिजे? भीती वाटते. वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल. नोकरी गेली तर घरभाडं एकटीच्या पगारात भरायचं आहे. तरी सरोज म्हणाली, "लिख. मेरा नाम भी लिख."

दर सोमवारी खासदाराची जनसुनावणी असते. लोक पाण्याची, नालीची तक्रार घेऊन जातात. आम्ही लग्नाची घेऊन जाणार. पत्राचा आता अर्ज झालाय. त्यावर दोघींची नावं आहेत, खरं नातं आहे, मागणी एकच आहे, कायद्याची. या सोमवारी घेतला नाही तर पुढच्या सोमवारी जाऊ, त्याच्या पुढच्याही. त्याला नाही म्हणायचं तर खुशाल म्हणू दे. पण माइकवर हशा पिकवून नाही. आमच्याकडे बघून, आमच्या अर्जावर स्वतःच्या हातानं लिहून.